अर्धा कोयता आणि हरकतीचा मुद्दा

मी गेली पंचवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. आमच्या गावचे लोक म्हणतात, हा खोटं बोलायचे पैसे घेतो. तसं असेल तर इथं मी फुकट लिहितोय, तेव्हा हे सगळं खरं धरायला कुणाची अडचण नसावी.

राज्यघटनेचा अर्थ कोण लावतं, असं कुणालाही विचारा. चहाच्या टपरीवर विचारा, कॉलेजच्या मास्तरांना विचारा. उत्तर एकच येतं: कोर्ट. अंबाजोगाईला कायदा शिकताना मीसुद्धा पेपरात हेच लिहिलं होतं, आणि एकदा नव्हे, तीनदा लिहिलं, कारण त्या विषयात मी तिसऱ्या खेपेला सुटलो. पण या उत्तरात गोष्टीचा शेवट तेवढा आहे, सुरुवात नाही, हे मला कळलं ते आमच्या गावच्या सेवा सोसायटीच्या गोदामासमोर, कडुलिंबाखाली, भर दुपारी. शिकवणाऱ्याच्या अंगावर धोतर होतं आणि धोतराला शेळीनं चावून पाडलेलं भोक होतं.

आमचं गाव नांदूरघाट आणि नेकनूरच्या मधे कुठंतरी आहे. म्हणजे ढग दोन्हीकडून येतात आणि आमच्याकडे बघून पुढं जातात, अशा जागी. त्या साली तर ढगांनी रस्ताच बदलला. विहिरीत बादली सोडली की खालून ठण्णकन आवाज यायचा आणि आवाजाच्या मागोमाग धूळ वर यायची. बेडूक पोहायचं विसरले. एक तर मी स्वतः आमच्या ओसरीवर सावलीत बसून जांभया देताना पाहिला. टँकर आला की त्याच्यामागं माणसं पळायची, माणसांमागं जनावरं, जनावरांमागं कावळे. शेजारच्या तीन वर्षांच्या पोरीला तिच्या बापानं आभाळात चुकलेला एक ढग दाखवला, तर ती म्हणाली, "केवढी मेंढी!"

त्या साली आमच्या सोसायटीनं मात्र मोठं काम केलं. गोदामाच्या मागच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. सभासदांनी जनावरं आणून बांधायची, चारापाण्याचं संस्थेनं बघायचं. चेअरमन गावातले बडे बागाइतदार होते. मिशा अशा, की त्यांच्यावर दोन चिमण्या बसल्या असत्या तर चेअरमनना कळलं नसतं. पण माणूस राबला. चाऱ्याच्या ट्रकसाठी त्यांनी पार पश्चिमेकडच्या बागाइती पट्ट्यापर्यंत चपला झिजवल्या.

घोटाळा झाला तो संक्रांतीनंतर. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. बैलगाडीवर पोरंबाळं, भांडी, कोंबड्या लादतात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्या साली ऊसच वाळून बांबू झालेला. कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली, आणि चार महिने जेमतेम होतात तोवर सगळ्या गाड्या गावात परत. गाड्यांना बैल आणि बैलांना पोट.

त्या गाड्यांत एक गाडी माझ्या धाकट्या चुलतीची होती. चुलता वारून तीन वर्षं झाली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोघं मिळून एक. एकटं माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम टोळी भरताना असंच मोजतो: "तुझ्या वाडीचे सात कोयते, त्या आळीचे साडेचार." ते साडेचारातलं अर्ध म्हणजे आमची काकू. बाकी अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी उभं करत नाही. तिला घ्यायचे ते तिच्या बैलजोडीसाठी. एक तांबडा, एक ढवळा. गाडी ती स्वतः हाकायची. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली की बाकीचे गाडीवान बैलांना शिव्या घालायचे. काकू नुसतं घशात "हं" म्हणायची आणि ते दोन बैल दुसऱ्यांच्या गाड्यांनाही बाजूला सारून पुढं जायचे. मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

म्हणजे हिशेब सोपा होता. बैल जगले तर काकूची गाडी चालणार. बैल नेकनूरच्या बाजारात गेले, तर पुढच्या दसऱ्याला अर्ध्या कोयत्याला कोणी विचारणार नाही.

ती बैल घेऊन छावणीच्या फाटकावर गेली. फाटकात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. अतिशय प्रामाणिक माणूस; इतका प्रामाणिक की घरी बायकोनं चहा दिला तरी पोच लिहून देईल. त्यांच्या हातात संस्थेच्या पोटनियमांचं पुस्तक होतं. त्यांनी वाचून दाखवलं, "जो सभासद सलग तीन महिने गावात राहणार नाही, त्यास त्या वर्षी संस्थेच्या कोणत्याही सवलतीचा हक्क राहणार नाही."

काकू म्हणाली, "म्हंजी?"

"म्हंजी तुमी दसऱ्याला गेल्या, आत्ता आल्या. तुमचे बैल घेता येत न्हाईत."

"आन मी न जाता हितंच बसले असते तर?"

"मग घेतले असते की."

"मग बसून खाल्लं काय असतं, तुमचं पुस्तक?"

सेक्रेटरींनी पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं. काकूचा राग त्यांना ठाऊक होता.

इथं नाना येतात. नाना म्हणजे आमच्या भागाचे माजी आमदार. एकदाच निवडून आलेले, पाच वर्षं विधानसभेत बसलेले आणि पुढच्या निवडणुकीत अशा फरकानं पडलेले की त्यांचं डिपॉझिटसुद्धा त्यांना शोधत फिरत होतं. त्यानंतर त्यांनी शेळ्या पाळल्या. लोक विचारायचे, "नाना, आमदारकीनंतर शेळ्या?" नाना म्हणायचे, "त्याच सवयीचं काम हाय. समोरचा ऐकत न्हाई, आपण बोलत राहायचं." सोसायटी स्थापन झाली तेव्हा ते तरुण होते आणि त्या पहिल्या सभेत हजर होते. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच हट्टानं तोडीवाल्या घरांतल्या बायकांना सभासद करून घेतलं होतं. बहुतेकींनी आपला शेअरचा दाखला डाळीच्या डब्यात तळाला ठेवला आणि विसरून गेल्या. काकूचाही तिथंच होता.

नानांनी चार दिवसांत सह्या आणि अंगठे गोळा केले आणि संस्थेला विशेष सभा बोलावायला लावली. विषय एकच: तोडीला गेलेल्या सभासदांची जनावरं छावणीत घ्यायची की नाही.

मी तेव्हा घरी आलेलो होतो, घटनेच्या पेपरात नुकताच सुटलेलो. सुटलेला माणूस आणि सुटलेला वळू यांत फार फरक नसतो. सभेच्या आदल्या संध्याकाळी चेअरमननी मला घरी बोलावून चहा पाजला आणि विचारलं, "वकील, कायदा काय म्हणतो?" 'वकील' म्हणून मला हाक मारणारा तो पहिला माणूस. त्या एका हाकेवर मी त्यांना आमचं घरसुद्धा लिहून दिलं असतं.

सभेला अख्खं गाव लोटलं. पुरुष कडुलिंबाखाली, बायका गोदामाच्या ओट्याकडे, चेअरमन आणि सेक्रेटरी टेबलामागं. ऊन असं की टेबलावरचा पितळी पेपरवेट सेक्रेटरी रुमालानं धरत होते. काकू बायकांत बसली होती. तिनं बैल सोबतच आणले होते. ते फाटकाबाहेर बाभळीला बांधलेले, बरगड्या लांबून मोजाव्यात असे.

चेअरमन उभे राहिले आणि म्हणाले, "माझं कुणाशी वैर न्हाई. पण चारा आठ दिवसांचा हाय. तोडीवाल्यांची जनावरं आत घेतली तर चारच दिवसांचा व्हईल. मग सगळीच मरतील. आन नियम सोप्या मराठीत लिवलाय. त्याचा अर्थ आपण नवा काढायचा न्हाई. हा शिकलेला पोरगा, तोडीवाल्यांच्याच घरातला, हा सांगंल."

मी उभा राहिलो. शर्टाची कॉलर नीट केली. आणि जे बोललो त्याची आज इतक्या वर्षांनंतरही कान गरम होऊन आठवण येते. मी म्हणालो, "देशाची घटना असो की संस्थेचे पोटनियम, अर्थ लावण्याचं काम न्यायालयाचं आहे. सभेनं नियम पाळायचे असतात. ज्यांना अन्याय झालासा वाटतो, त्यांनी योग्य त्या अधिकाऱ्याकडे, नंतर न्यायालयात दाद मागावी."

टाळ्या पडल्या, सगळ्या बागाइतदारांच्या. मी सहज ओट्याकडे पाहिलं. माझ्या हॉस्टेलच्या सगळ्या वर्षांत तोडीवरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती मला शेंगदाण्याची चटणी पाठवणारी काकू माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. तांबडा बैल चिखलात रुतला तर ती जशी बघते तशी, की आता याला बाहेर कसा काढावा.

तेवढ्यात नाना उठले, हात वर केला आणि गोदामाचे पत्रे वाजतील अशा आवाजात ओरडले, "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा!"

आमच्या चेअरमनना आयुष्यात कोणी महाराज म्हटलं नव्हतं. ते दचकून मागं वळून बघायला लागले.

"तुमीच," नाना म्हणाले. "खुर्चीत बसलाय ना? इधानसभेत आमी खुर्चीला असंच बोलायचो. आता ह्या वकिलाला माझा सवाल. काय बे, आमदार झालो तवा मी पहिल्या दिवशी कशाची शपथ घेतली?"

"घटनेची," मी म्हणालो.

"घटनेशी इमान राखीन म्हणून. बरं. एकदा सभागृहात एका कायद्याचा मसुदा आला. मी उठलो, म्हणलं, अध्यक्ष महाराज, हे घटनेत बसतंय का? मंत्री म्हणाले, ते पुढं कोर्ट बघंल, तुमी मत द्या. मी म्हणलं, जी मी उघडायचीच न्हाई तिची शपथ मला घ्याया लावली कावून? इमान राखायचं तर आधी ती सांगती काय, हे मला समजून घ्यावं लागंल. आन समजून घेणं म्हंजीच अर्थ लावणं. मंत्र्यांनी तीन दिवसांनी मसुदा दुरुस्त करून आणला."

(ही गोष्ट नाना नेहमी सांगायचे. कधी तीन दिवस असायचे, कधी दीड तास. एकदा तर मंत्र्यांनी जागेवरच कागद फाडला होता. पण शपथ कायम असायची.)

मी म्हणालो, "पण नाना, शेवटचा शब्द कोर्टाचाच असतो."

"असतोच! कोण न्हाई म्हणतंय? शेवटचा त्यांचा हाय म्हणून पहिला कुणी बोलायचाच न्हाई का? कोर्टात कोण जातंय, ज्याचं भांडण झालं तो. त्याच्या आधी? साळा काढायची, पाणी वाटायचं, हाताला काम द्यायचं, ह्यातलं घटनेनं काय सांगितलं, किती सांगितलं, आपला हात कुठवर पोचतो आन कुठं थांबतो, हे प्रत्येक कायदा करताना सभागृहाला ठरवावंच लागतं. चुकलं तर कोर्ट कान धरंल, आमी धरू देऊ. पण कान धरतील म्हणून तोंडच उघडायचं न्हाई? आन त्यात एक गंमत हाय. न्यायाधीशाच्या वाड्यात ह्या दोन हजार खेड्यांतलं कोणी बसलेलं नसतं. सभागृहात असतं. कुणाची विहीर आटली, कुणाचा बैल बसला, ते ठाऊक असलेली माणसं जवा नियम वाचत्यात, तवा तो नियम येगळाच वाचला जातो."

नानांनी धोतर सावरलं, भोक मागं गेलं.

"आता आपलं पुस्तक. हा तीन महिन्यांचा नियम आमी घातला तवा मी तिथं होतो. कावून घातला? चार घरं औरंगाबादेला दुकान टाकून बसली होती. हितं जमीन न्हाई, चूल न्हाई, पण सोसायटीचं बियाणं, खत स्वस्तात उचलायला दर हंगामाला एसटीनं यायची आन तिकडं नेऊन विकायची. त्यांना आडवायला घातला. जो गाव सोडून गेला त्याच्यासाठी. जो गावात राहता यावं म्हणून पोटासाठी बाहेर जातो, त्याच्यासाठी न्हाई."

चेअरमन म्हणाले, "नाना, तुमच्या मनात काय होतं ते पुस्तकात न्हाई. पुस्तकात तीन महिने हायत."

"असं? मग महाराज, तुमचा थोरला पुण्यात शिकतोय. किती वर्षं झाली?"

"तीन."

"तीन महिने न्हाई, तीन वर्षं! आन त्याच्या नावच्या दोन दुभत्या म्हशी छावणीत सावलीला बांधल्यात. त्या कोणत्या पोटनियमानं आत गेल्या?"

असा हशा उठला की बाभळीवरचे बगळे उडाले. त्या साली बगळे नव्हतेच म्हणा, कावळे असतील. चेअरमनच्या मिशा एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या.

"मतदान घ्या," ते म्हणाले.

ठराव असा: तोडीला जाणाऱ्या सभासदाला हा नियम लागू नाही, असा सभेचा अर्थ. सेक्रेटरी हात मोजायला लागले. ठरावाच्या बाजूनं अडतीस. विरुद्ध त्रेपन्न. सभासद मीही होतो, पण दोन्ही हात खिशात घालून उभा होतो. मनानं काकूकडे आणि कॉलरनं चेअरमनकडे. सेक्रेटरींनी आकडे वाचले आणि टोपण काढून लिहायला वाकले. फाटकाबाहेर ढवळा बैल खाली बसला. बसलेला बैल दुष्काळात उठतोच असं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. काकू उठायला लागली.

नाना ओट्याकडेच बघत होते. ते म्हणाले, "सूनबाई, थांब. मघाशी तुझा हात असा का होता?"

काकूनं परत दाखवला. कोपर मांडीशी आणि तळहात खांद्यापर्यंत. "असाच की."

"पुरता वर कावून न्हाई केला?"

"मी अर्धा कोयता हाय ना, नाना," काकू म्हणाली. थट्टेनं नाही. जशी आपण आपली उंची सांगतो तशी.

"आन ह्या बाकीच्या बायांचे हात?"

एक तोडकरी बाई पदर सारखा करत म्हणाली, "आमच्या कोयत्याचा हात तिकडं वर गेला की. मालकांचा. एका कोयत्याला दोन हात कसे करावेत?"

वर्षानुवर्षं उसाच्या फडावर मुकादमानं मोजलं तसं या बायका स्वतःला मोजत आल्या होत्या. सभेतही तोच हिशेब घेऊन आल्या. कुणी फसवलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. सेक्रेटरींनी जेवढे हात दिसले तेवढे इमानदारीनं मोजले होते. आणि काकूचा अर्धा हात कोणत्या रकान्यात लिहावा हे न कळल्यानं त्यांनी तो सोडून दिला होता.

"अध्यक्ष महाराज," नाना या वेळी हळू म्हणाले, "हरकतीचा मुद्दा."

सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले, "मोजणी झालीय, नाना. आकडे लिवलेत."

नानांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ते चेअरमनला म्हणाले, "मी आता बोलत न्हाई. पुस्तक तुमच्या म्होरं हाय. खुर्चीत तुमी हाय. वाचा."

चेअरमननी पुस्तक ओढलं. पान शोधलं. मोठ्यानं वाचलं, "प्रत्येक सभासदास एक मत राहील." मग परत मनात वाचलं. मी त्यांच्या समोरच उभा होतो. त्या माणसाच्या कपाळावर ओट्याकडच्या बायकांचा आकडा मांडला जाताना मला दिसत होता. परत मोजलं तर काय होणार हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "झालं ते झालं, पुढच्या सभेला बघू," एवढं म्हणायचा अवकाश होता; त्रेपन्न माणसांनी मान डोलावली असती, आणि पुढची सभा येईपर्यंत बैलांचं काम झालं असतं. विचारबिचार करून त्यांनी तोंड उघडलं तोवर माझी दाढी उगवली.

"परत मोजा," ते म्हणाले. "हात नगं. उभं करून. होयवाले लिंबाखाली, न्हाईवाले गोदामाच्या भिंतीला. बाया धरून."

त्यांना माझा आजही नमस्कार आहे. नाना बोलले ते चांगलंच बोलले, पण बोलणं नानांच्या जिभेवरच वस्तीला होतं. चेअरमननी आपल्या विरुद्ध जाणारं वाक्य वाचलं आणि ते जसं आहे तसं वाचलं.

मग जी पळापळ झाली! बायका ओट्यावरून उतरल्या, काही लिंबाखाली जाऊन सवयीनं नवऱ्याच्या मागं उभ्या राहिल्या. नाना ओरडत होते, "मागं नगं, बाजूला! बाजूला!" माझे पाय कुठं चाललेत हे मला कळायच्या आत मी लिंबाखाली होतो. चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलरचं बटण काढलं.

सेक्रेटरी खांद्याला बोट लावून मोजत गेले. भिंतीला त्रेपन्न. लिंबाखाली मघाचे अडतीस, चौदा बायका, म्हणजे बावन्न, आणि एक मी. त्रेपन्न.

"समसमान!" कोणीतरी ओरडलं. समसमान झालं की चेअरमनचं मत निर्णायक, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भिंतीकडची माणसं हसायला लागली.

"सूनबाई कुठंय?" नाना म्हणाले.

काकू फाटकाबाहेर होती. बसलेल्या ढवळ्याच्या पोटाखाली खांदा देऊन त्याला उठवत होती. अख्खी सभा फाटकाकडे वळली. तिनं घशात ते "हं" केलं. बैल एकदा डगमगला आणि उठला. मग हात पदराला पुसत ती आत आली, लिंबाखाली आली आणि सावलीच्या कडेला, निम्मी उन्हात अशी उभी राहिली.

सेक्रेटरी तिच्यापाशी थांबले. वही हातात, बोट हवेत. वाईट हेतूनं नाही, खरोखर अडचण आल्यासारखं त्यांनी टेबलाकडे बघून विचारलं, "ह्यांना किती धरू?"

"एक," चेअरमन म्हणाले. "अख्खी."

चोपन्न.

ठराव झाला, पण नाना खाली बसेनात. ते म्हणाले, "आता बसून चालायचं न्हाई. अर्थ आपण लावला, त्याचं ओझं बी आपणच उचलायचं. कोर्टाला पेंढी कापावी लागत न्हाई, सभेला लागती." मग त्याच सभेत ठरलं, की प्रत्येक जनावराची पेंढी कमी करायची, आणि तोडीवाल्यांनी रिकाम्या गाड्या जुंपून जिथं थोडाफार ऊस अजून तुटत होता तिथून वाढं आणायचं. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते कुठं मिळतं, हे भिंतीकडच्या एकालाही माहीत नव्हतं आणि लिंबाखालच्या प्रत्येकाला माहीत होतं. चेअरमननी आपल्या थोरल्याच्या दोन म्हशी घरी नेल्या. चारा आठ दिवस पुरला, मग अजून आठ दिवस, आणि तोवर ट्रक आला. सगळी जनावरं वाचली असं मी म्हणणार नाही. तांबडा आणि ढवळा वाचले.

त्या संध्याकाळी बैल छावणीत बांधून घरी जाताना मी काकूच्या मागं मागं चालत होतो, तोंड पाडून. ती वळून म्हणाली, "वकील, कोर्टात गेलो असतो तर निकाल कवा लागला असता रं?"

"दोन-तीन वर्षं लागली असती."

"आन तवर ह्यांना काय चारलं असतं, तुझी कॉलर?"

एवढंच. भाकरी नेहमीसारखीच वाढली.

त्यानंतर मी खूप निवाडे वाचले. त्यांतल्या कित्येकांपुढं मान झुकते, आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं. पण कोणी विधानसभेला नुसता गोंगाटाचा बाजार म्हटलं की मला तो कडुलिंब दिसतो. गोंगाट होतो, खरंच होतो. पण त्यातला एखादा माणूस शपथ आठवून उठतो, खुर्चीतला एखादा माणूस आपल्या विरुद्धचं वाक्य मोठ्यानं वाचतो, आणि कागदावर कधीच्या पडून असलेल्या पाच शब्दांत एक अख्खी बाई मावते. ते काम तिथंच व्हायचं असतं, माणसांसमोर.

पुढच्या दसऱ्याला मुकादम आला आणि त्यानं आमच्या आळीचे कोयते मोजले: "साडेपाच." काकूनं तांबडा आणि ढवळा जुंपले आणि टोळीच्या सगळ्यात पुढं गाडी घातली.

पण ती परत आल्यावर सोसायटीची सभा झाली. कुठलातरी साधा ठराव होता, गोदामाचे पत्रे बदलायचा. सेक्रेटरी हात मोजत ओट्याकडे आले आणि थबकले. काकूनं दोन्ही हात वर केले होते, बगलेपासून सरळ, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या.

चेअरमन टेबलामागून म्हणाले, "वहिनी, एक खाली घ्या. एकच धरायचा असतो."

"राहू द्या की महाराज," काकू म्हणाली, "मागच्या येळचा राहिलेला हाय."